वाचवायचं कुणाला? घर, बँक आणि सरकारी तिजोरी

(कुरवंडे इथे झालेल्या दोन दिवसांच्या युवा शिबिरातल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



मला आयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, तू सॉफ्टवेअरवाला आहेस, एआयवर बोल. मी म्हटलं, एआयवर बोलायला खूप जण आहेत, मला घराच्या हप्त्यावर बोलू द्या. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण येत्या पाच-सात वर्षांत नोकरीला लागतील, घर घ्यायचं म्हणतील, बँकेत जातील. अब्बा-अम्मींचे पैसे कुठे ठेवायचे हेही तुम्हालाच ठरवावं लागेल. म्हणून हा विषय: घरवाला बुडाला, बँक बुडाली, तर सरकारने जनतेच्या पैशातून त्यांना वाचवावं का?

सुरुवात आपण बसलोय त्या गावापासूनच करू. समोर नागफणीचा कडा आहे. इथून खाली कोकणात उतरणारी जुनी वाट म्हणजे कुरवंडे घाट. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान फौज घेऊन याच बाजूने उतरला आणि खाली उंबरखिंडीत अडकला. पुढची वाट बंद, मागची वाट बंद. सोबत असलेल्या रायबागन यांनी शरण जायचा सल्ला दिला. शिवाजी महाराजांनी खंडणी घेतली आणि फौजेला जिवंत जाऊ दिलं. युद्धशास्त्र मला कळत नाही. मला या प्रसंगातल्या दोनच गोष्टी हव्या आहेत. ती वाट साध्या शिपायाने निवडली नव्हती, सरदाराने निवडली होती. आणि सुटका झाली ती फुकट झाली नाही.

आता माझी कबुली. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ, एकूण आकडा ३४,०२२ कोटी. तेव्हा आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारा मी होतो. "माझ्या पगारातून टीडीएस कापतात आणि हे कर्ज बुडवतात," असं मी म्हणालो होतो. शब्द आठवतात, कारण समोर बसलेला मित्र लातूरच्या शेतकरी घरातला होता. तो काही बोलला नाही. डबा बंद करून उठून गेला.

पुढच्याच वर्षी माझं काम थांबलं. म्हणजे माझ्या फ्लॅटचं. मी २०१५ मध्ये पुण्याच्या बाहेरच्या भागात फ्लॅट बुक केला होता. अब्बा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. व्याजाचं कर्ज त्यांना पटत नव्हतं. "बेटा, ब्याज का घर नक्को," एवढंच म्हणाले. आणि मग दोन दिवसांनी स्वतःच्या फंडातले सहा लाख माझ्यासमोर ठेवले, म्हणजे कर्ज तेवढं कमी घ्यावं लागेल. बँकेने उरलेली रक्कम स्लॅब पडेल तशी बिल्डरला दिली. नववा स्लॅब पडला आणि मिक्सर थांबला. मी घरभाडं भरत होतो आणि नसलेल्या घराचा हप्ताही भरत होतो.

तेव्हा आम्ही फ्लॅटधारकांनी जे निवेदन लिहिलं ते टाइप करणारा मीच होतो. त्यात मी लिहिलं: शासनाने हस्तक्षेप करून प्रकल्प पूर्ण करावा. म्हणजे कुणाच्या पैशाने? लातूरच्या त्या मित्राच्या टीडीएसच्या पैशाने. हे मला त्या रात्री कळलं नाही, बऱ्याच दिवसांनी कळलं. आपण अडकलो की मदत हा हक्क असतो, आणि दुसरा अडकला की ती खिरापत असते. या विषयावर बोलणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा हा आजार आहे. माझाही होता.

म्हणून मी "लायक कोण" या प्रश्नातून बाहेर पडायचं ठरवलं. इंजिनिअरला एक सवय असते, सिस्टीम कोसळली की आधी लॉग बघायचा. कोणता निर्णय कुणी घेतला, कधी घेतला, त्याचा फायदा कुणाला झाला, फटका कुणाला बसला. हीच पद्धत आपल्या राज्यातल्या एका खऱ्या प्रकरणाला लावून बघू.

गोरेगाव पश्चिमेला सिद्धार्थ नगर आहे. लोक त्याला पत्रा चाळ म्हणतात. तिथे ६७२ कुटुंबं राहत होती. २००८ मध्ये पुनर्विकासाचा करार झाला: एका बाजूला रहिवाशांची सोसायटी, दुसरीकडे म्हाडा, तिसरीकडे गुरुआशिष कन्स्ट्रक्शन ही एचडीआयएल या बिल्डर समूहाची कंपनी. लोकांनी घरं रिकामी केली, भाड्याने राहायला गेले. बिल्डरने त्यांना भाडं द्यायचं होतं. पुढे ते भाडंही थांबलं. रहिवाशांची घरं बांधायच्या आधीच तिथले बांधकामाचे हक्क इतर बिल्डरांना विकले गेले, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. २०१८ मध्ये म्हाडाने करार रद्द केला आणि प्रकल्प स्वतःकडे घेतला. काम पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. चाळ सोडताना ज्या मुलाने दहावीची परीक्षा दिली असेल, तो तोवर तिशीला आला.

ही झाली घरवाल्यांची रांग. त्याच समूहामुळे दुसरी एक रांग लागली, बँकेच्या दारात. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसीवर निर्बंध घातले. सुरुवातीला खात्यातून काढता येणारी रक्कम किती? एक हजार रुपये. बँकेत सुमारे ११,६०० कोटींच्या ठेवी होत्या. दिलेल्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त रक्कम या एकाच समूहाकडे अडकली होती, आणि ती लपवण्यासाठी एकवीस हजारांहून जास्त बनावट खाती दाखवल्याचं पोलिसांत दिलेल्या तक्रारीत म्हटलं आहे. रिक्षावाले, पेन्शनर, छोटे दुकानदार, गुरुद्वारे, पतसंस्था, सगळ्यांचे पैसे तिथे होते.

आता लॉग वाचा. कर्ज कुणाला द्यायचं हे कुणी ठरवलं? संचालक आणि अधिकाऱ्यांनी. फायदा कुणाला? बिल्डरला. तपासणी कुणी करायची होती? ऑडिटरने आणि रिझर्व्ह बँकेने. आणि एक हजार रुपयांसाठी रांगेत उभं कोण राहिलं? ज्याचा यातल्या एकाही निर्णयात हात नव्हता तो.

ठेवीदाराला कुणी म्हणालं, "जास्त व्याजाच्या लोभाने गेलात, भोगा." मी हे मान्य करत नाही. शेअर बाजारात पैसे लावणारा जोखीम विकत घेतो, ती त्याला सांगितलेली असते. बँकेच्या दारावर मात्र रिझर्व्ह बँकेचा परवाना लावलेला असतो. बँकेचे कर्जाचे कागद बघायचा अधिकारच ठेवीदाराला नाही, मग ते न बघितल्याचा दोष त्याला कसा द्यायचा?

पुढे काय झालं तेही बघा. २५ जानेवारी २०२२ ला पीएमसीचं युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झालं. म्हणजे अठ्ठावीस महिने गेले. पाच लाखांपर्यंतची ठेव विमा महामंडळामार्फत मिळाली. त्यावरची रक्कम टप्प्याटप्प्याने, मोठ्या ठेवीदारांना शेवटच्या टप्प्यासाठी दहा वर्षं थांबायचं, आणि ३१ मार्च २०२१ पासून पाच वर्षं त्यावर व्याज नाही. संस्थांच्या विम्याबाहेरच्या ठेवींचा ऐंशी टक्के भाग तर शेअरमध्ये बदलला गेला. ठेव ठेवणारी संस्था न विचारता भागधारक झाली.

आता दुसरी बँक. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले. काढता येणारी रक्कम पन्नास हजार. निर्बंध कधी उठले? १८ मार्चला. तेरा दिवसांत. स्टेट बँक पुढे आली, खासगी बँका आल्या, मिळून दहा हजार कोटींचं भांडवल ओतलं गेलं आणि ठेवीदाराचा एक रुपयाही बुडाला नाही. चांगलं झालं. माझं म्हणणं एवढंच की अठ्ठावीस महिने आणि तेरा दिवस यांतला फरक ठेवीदारांच्या लायकीचा नव्हता. येस बँक मोठी होती, ती पडली असती तर सगळ्या बँकिंग व्यवस्थेला हादरा बसला असता. म्हणजे आपल्याकडे मदत मिळण्याचा अलिखित नियम असा झाला की ज्याच्या बुडण्याने सत्तेला भीती वाटते, तो आधी वाचतो. पुण्यातली रुपी बँक १९१२ पासूनची. २०१३ मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. तिच्या ठेवीदारांनी साडेनऊ वर्षं वाट पाहिली. ते कुणाला घाबरवू शकत नव्हते.

मग उपाय काय? उपाय आपल्या देशात फार पूर्वी सापडला होता, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रात आहे. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला, तेव्हा मर्यादा होती दीड हजार रुपये. हप्ता बँका भरतात. बँक बुडाली तर ठेवीदाराला किती मिळणार हे आधीच लिहिलेलं असतं. त्यात कुणाची मेहेरबानी नसते, मंत्र्याच्या दारात जावं लागत नाही. घोटाळा कुठे झाला? १९९३ मध्ये ही मर्यादा एक लाख झाली आणि तिथेच थांबली. सत्तावीस वर्षं. पगार वाढले, घरांच्या किमती कुठच्या कुठे गेल्या, विमा मात्र एक लाखच. पीएमसीच्या ठेवीदारांनी भर रस्त्यात आंदोलनं केली, त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये तो पाच लाख झाला. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यायचं ठरलं. रांगेत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या सगळ्यांसाठी हे मिळवलं आहे.

बँकेचं झालं. आता कर्ज काढून घर घेतलेल्याकडे येतो. कोविडमध्ये, मार्च ते ऑगस्ट २०२०, सहा महिने हप्ता न भरण्याची सवलत मिळाली. बऱ्याच लोकांना वाटलं, हप्ता माफ झाला. हप्ता फक्त पुढे ढकलला होता, व्याज चालूच होतं. मी तुम्हाला गणित करून दाखवतो. तीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, आठ टक्के. हप्ता साधारण पंचवीस हजार. कर्ज नुकतंच सुरू झालंय आणि तुम्ही सहा हप्ते थांबवले. सहा महिन्यांचं सव्वा लाखाच्या जवळपास व्याज मुद्दलात मिळालं. हप्ता तेवढाच ठेवायचा असेल तर आता २४० ऐवजी २६६ हप्ते भरावे लागतील. सहा महिन्यांची सवड, तिची किंमत सव्वीस हप्ते.

लोक सुप्रीम कोर्टात गेले. सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं की दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर व्याजावरचं व्याज सरकार भरेल. बातम्या आल्या, 'कर्जदारांना मोठा दिलासा'. आपल्या तीस लाखांच्या उदाहरणात हा दिलासा किती रुपयांचा होता? साधारण दोन हजार. मार्च २०२१ मध्ये कोर्टाने कर्जाची मर्यादा न ठेवता कुणाकडूनच व्याजावर व्याज घेऊ नका असं सांगितलं, पण सगळं व्याज माफ करायला नकार दिला. त्यामागचं कारण मला पटतं. बँक ते व्याज सोडेल तर ठेवीदाराला व्याज कुठून देणार? कर्जदाराच्या पलीकडच्या टोकाला कुणाचे तरी अब्बा बसलेले असतात, ज्यांचा महिना ठेवीच्या व्याजावर चालतो.

हे एकदा कळलं की कर्जमाफीवरचं कँटीनमधलं माझं भाषण किती कच्चं होतं ते दिसतं. सरकारने शेतकऱ्याचं कर्ज माफ केलं म्हणजे काय केलं? ते पैसे शेतकऱ्याच्या हातात दिले नाहीत, बँकेला दिले. बँकेचं थकलेलं खातं साफ झालं. म्हणजे कर्जमाफी शेतकऱ्याची आणि वसुली बँकेची. नाव मात्र एकट्या शेतकऱ्याचं झालं.

आणि मोठ्यांचं काय? २०२३ मध्ये संसदेत सरकारने उत्तर दिलं की २०१४-१५ पासूनच्या नऊ आर्थिक वर्षांत बँकांनी १४.५६ लाख कोटी रुपयांची थकीत कर्जं निर्लेखित केली. त्यातला निम्म्याहून जास्त भाग मोठ्या उद्योगांचा आणि सेवा क्षेत्राचा. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर ती चुकीची फिरते. निर्लेखित म्हणजे माफ नाही. बँक ते कर्ज ताळेबंदातून काढते, वसुलीचा हक्क ठेवते. पण त्याच उत्तरात निर्लेखित कर्जांतून वसूल झालेला आकडाही होता, सुमारे २.०५ लाख कोटी. उरलेल्या खड्ड्याचं काय करायचं? ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राने सरकारी बँकांसाठी २.११ लाख कोटींच्या भांडवलाची योजना जाहीर केली. त्या वेळी आमच्या कँटीनमध्ये कुणीही डबा बंद करून उठलं नाही. कुणाला पत्ताच नव्हता. गरिबाची मदत आकड्यासकट पहिल्या पानावर येते आणि मोठ्याची मदत हिशेबाच्या भाषेत आतल्या पानावर जाते.

अमेरिकेतही हेच घडलं. २००८ मध्ये घरांची कर्जं बुडाली, लेहमन ब्रदर्स कोसळली, आणि ऑक्टोबरमध्ये ७०० अब्ज डॉलरची योजना मंजूर झाली. बँकांना पैसा काही आठवड्यांत मिळाला. घरमालकांचे हप्ते कमी करण्याची योजना २००९ मध्ये आली, तीस ते चाळीस लाख कुटुंबांना मदत करायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात आकडा त्याच्या बराच खाली राहिला. अर्जात कागद कमी पडले, बँकांनी फायली हरवल्या. आणि एआयजी या वाचवलेल्या विमा कंपनीने २००९ मध्ये अधिकाऱ्यांना १६५ दशलक्ष डॉलरचा बोनस दिला. तिथल्या लोकांचा संताप मदतीवर नव्हता. आपलं घर गेलं आणि ज्यांनी हे केलं त्यांचा बोनस शाबूत राहिला, यावर होता.

आता विरोधातला सगळ्यात कठीण मुद्दा. तो मला एका मित्राने घातला. तोही आयटीत आहे, आपल्याच समाजातला. त्याने घर घेतलं नाही. आधी भाड्याने तरी मिळावं म्हणून दोन महिने फिरत होता. नाव सांगितलं की "नुकतंच दिलं गेलं" असं उत्तर. तुमच्यापैकी अनेकांनी हे ऐकलं असेल. तो मला म्हणाला, "मला या शहरात कुणी भाड्यानेही घर देत नाही. आणि तुझा अडकलेला फ्लॅट पूर्ण करायला माझा टॅक्स का?"

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आज जे आहे ते असं. त्याचा टॅक्स फुकट देण्यासाठी नाहीच वापरायचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्राने रखडलेल्या घरांसाठी 'स्वामीह' हा पंचवीस हजार कोटींचा निधी जाहीर केला. तो कर्ज देतो, देणगी देत नाही. रेरामध्ये नोंदलेला, थोडक्यासाठी अडकलेला प्रकल्प घ्यायचा, त्याला शेवटचा पैसा द्यायचा, आणि घरं विकली गेली की तो व्याजासकट परत घ्यायचा. घराच्या किमतीला मर्यादा आहे, आलिशान घरांना तो नाही. या निधीतून पूर्ण झालेला पहिला प्रकल्प मुंबईतच, बोरिवलीत उभा राहिला. ही मदत मला त्या मित्रासमोर मान वर करून मागता येते, कारण त्याचा पैसा त्याला परत मिळतो.

दुसरं म्हणजे, घर आणि घर यात फरक करायचा. आमच्या अडकलेल्या इमारतीत आम्ही ८४ जण होतो. माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे होतं, मी एक्सेल शीट केली. ३१ जणांचं हे दुसरं किंवा तिसरं घर होतं, भाव वाढला की विकण्यासाठी घेतलेलं. निवेदनावर सह्या सगळ्यांच्या एकाच रांगेत होत्या, पण दुखणं एक नव्हतं. एक निवृत्त शिक्षिका होत्या, पेन्शनमधून भाडं भरून त्या थकल्या होत्या. आणि एक गृहस्थ विचारत होते, बाजार वर आहे तोवर विकता येईल का. काल तुम्ही लोणावळ्याहून इथे येताना रस्त्याच्या कडेचे बंद बंगले बघितले असतील, शनिवार-रविवारी उघडणारे. तिथला हप्ता थकला तर ते दुःख आहे, संकट नाही. जनतेचा पैसा आधी राहत्या घरासाठी.

आता आपल्या समाजाबद्दल थोडं, कारण यात आपलं वेगळं नुकसान आहे. मी आतापर्यंत ज्या मदतीबद्दल बोललो, ठेव विमा, हप्त्याची सवलत, स्वामीह, ती सगळी फक्त नोंद असलेल्या माणसापर्यंत पोहोचते. जो वहीत नाही, त्याला कुणी वाचवत नाही. सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं की काही बँका मुस्लिमबहुल वस्त्यांना नकारात्मक क्षेत्र मानून तिथे कर्ज देणं टाळतात. बँकेने दार लावलं, आणि व्याजाच्या संकोचाने आपणही मागे राहिलो. मग पैसा गेला कुठे? भिशीत, सोन्यात, आणि 'हलाल नफा' म्हणणाऱ्यांच्या कंपन्यांत. २०१८ मध्ये हीरा ग्रुपच्या प्रमुखांना अटक झाली. २०१९ मध्ये बंगळुरूची आयएमए बंद पडली आणि तिचा प्रमुख परदेशात निघून गेला, नंतर पकडला गेला. हजारो घरांतली मुलींच्या लग्नाची, हजची, शिक्षणाची पुंजी तिथे होती. ती ठेव नव्हती, म्हणून तिला विमा नव्हता. दाढी आणि बिस्मिल्लाह बघून पैसे दिले, परवाना कुणी बघितला नाही. दोष फसवणाऱ्यांचाच आहे. पण पुढच्या वेळी परवाना विचारणं हे आपलं काम आहे.

मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही, पण लहानपणापासून ऐकलेल्या तीन गोष्टी इथे उपयोगी पडतात. सूरह बकरामध्ये अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यायला सांगितलं आहे, आणि सोडून दिलंत तर ते अधिक चांगलं असं म्हटलं आहे. जकात कुणाला द्यायची या यादीत कर्जाखाली दबलेला माणूस आहे. आणि हदीसमध्ये ऐपत असून कर्ज लांबवणाऱ्याला जुलूम करणारा म्हटलं आहे. म्हणजे न देऊ शकणारा आणि न देणारा या दोन वेगळ्या माणसांना वेगळं वागवायचं. आपला बँकिंग कायदाही 'विलफुल डिफॉल्टर' हा वेगळा शब्द वापरतो. व्यवहारात मात्र उलटं दिसतं. न देऊ शकणाऱ्याच्या दारात वसुलीवाला उभा, आणि न देणारा तडजोडीच्या टेबलावर चहा पीत बसलेला.

तर माझं उत्तर. घरवाल्याला आणि बँकेला सरकारने मदत करावी का? करावी, चार अटींवर. एक, मदतीचा नियम संकटाआधी लिहिलेला हवा, ठेव विम्यासारखा, म्हणजे ती ओळखीवर आणि निवडणुकीवर अवलंबून राहणार नाही. दोन, ज्याने निर्णय घेतला आणि नफा खाल्ला त्याने आधी गमवायचं: संचालकांनी पद, मालकांनी भांडवल, आणि गुन्हा असेल तर कोर्ट. तीन, राहत्या घरातल्या माणसाला पहिल्यांदा सवड द्यायची, आणि त्या सवडीच्या काळातलं व्याज इतकं जड ठेवायचं नाही की सहा महिन्यांचे सव्वीस हप्ते व्हावेत. चार, दिलेला प्रत्येक रुपया जाहीर हिशेबात हवा, शेतकऱ्याचा असो की कारखानदाराचा, एकाच अक्षरात छापलेला. "उद्या पुन्हा बुडालो तरी सरकार आहेच," ही सवय मालकाला लागू द्यायची नाही, म्हणून दुसरी अट सगळ्यात महत्त्वाची. बँक वाचवणं म्हणजे बँकेचा मालक वाचवणं नव्हे, हे कायद्याने दाखवून द्यावं लागतं.

आणि तुम्ही घरी गेल्यावर करायची कामं. अब्बा-अम्मींची ठेव कुठे आहे ते बघा. एका बँकेत एका माणसाला, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंतच विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही, हे मोहल्ल्यात सांगा. फ्लॅट घेताना महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्प उघडून बघा, मी २०१५ मध्ये बघू शकलो नाही कारण तेव्हा महारेरा नव्हतं, तुमच्याकडे ते कारण नाही. आणि हप्ता अवघड झाला तर लाजून फोन बंद करू नका. थकायच्या आधी बँकेत जाऊन लेखी अर्ज द्या.

माझा फ्लॅट मला २०२३ मध्ये मिळाला. सरकार आलं नाही. आम्ही ८४ जणांनी नवा बिल्डर शोधला आणि प्रत्येकी सव्वाचार लाख जास्त भरले. त्या निवृत्त शिक्षिकेचा वाटा काही जणांनी मिळून भरला, आणि त्यात दोन घरंवाले ते गृहस्थही होते, हेही सांगायला हवं. चावी मिळाली त्या दिवशी अब्बा आले, भिंतीवरून हात फिरवला, आणि त्यांनी हप्ते अजून किती उरलेत ते विचारलं. मी आकडा सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

लातूरच्या त्या मित्राला मी फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, त्याच्या वडिलांचं नाव त्या यादीत आलंच नव्हतं, कागद अपुरे होते. सहा वर्षं मी त्याच्यावर ज्या मदतीचा राग धरला, ती त्याच्या घरापर्यंत पोहोचलीच नव्हती.

आता प्रश्न विचारा, भांडलात तरी चालेल.